गाडी बोलावून उपसली तरी टाकी पुन्हा भरते, तेव्हा काय तपासायचं

रत्नागिरीकडच्या आमच्या घरात सलग चार वर्षं एकच गोष्ट घडली. गणपतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संडासातलं पाणी उतरेनासं व्हायचं. ओतलेली बादली भांड्याच्या काठापर्यंत चढायची, मग गुडगुड करत सावकाश खाली जायची, आणि तेवढ्यात शेजारच्या न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर डोकावायचं. घरात पंचवीस माणसं, बाहेर धो धो पाऊस, चुलीवर मोदकपात्र. मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याला फोन. तो यायचा, होस टाकून अर्ध्या तासात टाकी रिकामी करून जायचा. गौरीच्या जेवणाला पुन्हा तेच.

चौथ्या वर्षी विसर्जन झालं, सगळे मुंबई-पुण्याला परतले, आणि एकदाची शांतपणे टाकी उपसून घेतली. घरात आई, बाबा आणि काकू, तिघंच. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन, "अरे, परत भरली." मी गाडीवाल्यावर उखडलो. तो थंडपणे म्हणाला, "दादा, मला काय, मी येतो. पण तीन दिवसांत भरतेय ना, ती तुमची माणसं भरत नाहीत."

मग कागद-पेन घेऊन बसलो. टाकी आतून ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि बाहेर जाणाऱ्या पाईपपर्यंत ४ फूट खोल. म्हणजे ७२ घनफूट, सुमारे २,००० लिटर. संडासाला माणशी दिवसाला ४० लिटर धरले तर तिघांचे तीन दिवसांत ३६० लिटर होतात. अंघोळी-धुण्याचं पाणी न्हाणीतून टाकीत जात होतं, तेही माणशी ६० धरलं तरी एकूण ९००. उरलेले हजारभर लिटर कुणाचे?

भरलेली टाकी म्हणजे बिघडलेली टाकी नव्हे

हे मला कळायला चार वर्षं लागली, म्हणून आधी तेच सांगतो. सेप्टिक टँक ही मैला साठवायची कोठी नाही. ती कायम भरलेलीच असते आणि असायलाच हवी. वरून जेवढं पाणी येतं तेवढंच दुसऱ्या टोकानं बाहेर पडतं. मधल्या एक-दोन दिवसांच्या मुक्कामात जड भाग तळाशी बसून गाळ होतो, तेल-चरबी आणि हलका भाग वर येऊन जाड साय धरतो, आणि मधल्या थरातलं त्यातल्या त्यात निवळ पाणी शोषखड्ड्याकडे, म्हणजे ते जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याकडे, जातं. हवेविना जगणारे जिवाणू गाळ हळूहळू कुजवतात आणि त्याचं आकारमान कमी करतात. त्यातून निघणारा वायू जायला उभा पाईप असतो, तोच गॅसचा पाईप.

बाहेर पडणारं पाणी शुद्ध नसतं, हे मात्र लक्षात असू द्या. त्यात रोगजंतू भरपूर असतात. खरी गाळणी म्हणजे शोषखड्ड्याभोवतीची माती. टाकी आणि जमीन मिळून एक यंत्रणा होते, आणि आपण मात्र सगळा दोष टाकीच्या माथी मारतो.

गणित दुसऱ्या बाजूनंही करून पाहिलं. गणपतीत पंचवीस माणसांचे फक्त संडासाचे दिवसाला १,००० लिटर. २,००० लिटरच्या टाकीत ते दोन दिवस थांबतात, आणि गाळ बसायला तेवढं पुरतं. म्हणजे टाकी लहान नव्हतीच. "नवी मोठी बांधून घ्या" असं सांगणारे दोघे भेटले होते. त्यांचं ऐकलं असतं तर मोठी टाकी तुंबली असती, एवढाच फरक. तुलनेसाठी, भारतीय मानकात (आयएस २४७०) ५ माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि १ मीटरच्या आसपास पाण्याची खोली एवढी टाकी पुरेशी धरली आहे.

कुठे अडलंय ते आधी शोधा

गाडीला फोन करण्याआधी थोडा वेळ द्या. झाकण उघडण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पक्की पाळा: उघडून अर्धा तास सोडून द्या, पोरांना लांब ठेवा, जवळ विडी-काडी नको, आणि वाकून तोंड आत घालू नका. टाकीतला वायू पेट घेतो, आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा जो विषारी वायू असतो तो जास्त झाला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. बॅटरी लांबून मारायची, किंवा काठीला आरसा बांधून बघायचं.

घरात दोन संडास असतील आणि एकच तुंबत असेल, तर टाकीशी त्याचा संबंध नाही. त्या भांड्याच्या पाईपमध्ये काहीतरी अडकलंय. दोन्ही एकदम अडली तर घर आणि टाकी यांच्यामधलं चेंबर उघडा. चेंबर कोरडं असेल तर अडथळा घराच्या बाजूला आहे. भरलेलं असेल तर पुढे टाकीकडे जा.

टाकीत नेमकी एकच गोष्ट बघायची: पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाईपच्या कुठे आहे? पाईपच्या खालच्या कडेला टेकलेली असेल तर टाकी ठणठणीत आहे, अडथळा तिच्या आधी आहे, आत येणाऱ्या तोंडाशी साय घट्ट झाली असेल. पाईप बुडवून वर चढली असेल तर पाणी बाहेर जात नाहीये. मग शोषखड्ड्याचं झाकण. खड्डा रिकामा आणि टाकी भरलेली असेल तर मधला पाईप चोक झालाय, सळई किंवा पाण्याच्या दाबानं मोकळा होईल. खड्डाही भरलेला असेल, तर गाडीवाला काही करू शकत नाही. जमीन पाणी घेत नाहीये.

गुडगुड आवाज येतो पण पाणी अखेर जातं, अशी तक्रार असेल तर आधी गॅसच्या पाईपकडे बघा. आमच्या शेजारच्यांकडे त्यात गांधीलमाशांनी घर केलं होतं.

आणि आता ती चाचणी, जिच्यामुळे आमचं कोडं सुटलं. टाकी उपसल्यावर रात्री पाणी वापरायचं पूर्ण बंद करा. बांबूच्या काठीनं पातळी मोजून खडूनं खूण करा, सकाळी पुन्हा मोजा. घरातून थेंबही गेलेला नसताना पातळी वाढली, तर पाणी बाहेरून येतंय. आमच्याकडे सकाळची वाट बघावीच लागली नाही. बाबांनी बॅटरी मारली तर बाहेर जाणाऱ्या पाईपमधून पाणी आत पडत होतं. शोषखड्डा टाकीत रिकामा होत होता. आम्ही पैसे देऊन चार वर्षं शोषखड्डा उपसत होतो म्हणा ना.

आमच्याकडे काय काय निघालं

एक कारण सापडलं की शोध थांबवायचा मोह होतो. आमच्याकडे चार निघाली, आणि ती एकमेकांना मदत करत होती.

पहिलं, पन्हळ. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची नवी पन्हळ बसवली तेव्हा तिचा पाईप बिनधास्त शोषखड्ड्याजवळ सोडला होता. "पाणी जिरेल तिथे," या विचारानं. ८०० चौरस फुटांच्या छपराच्या निम्म्या भागावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ३,७०० लिटर पाणी होतं, आणि कोकणात आषाढ-श्रावणात एका दिवसात १०० मिलिमीटर हे काही अप्रूप नाही. आमच्या टाकीच्या जवळजवळ दुप्पट पाणी एका दिवसात त्या खड्ड्यावर.

दुसरं, भूजल. शोषखड्डा ८ फूट खोल, आणि ऑगस्टमध्ये आमच्या विहिरीचं पाणी जमिनीपासून ५ फुटांवर येतं. म्हणजे खड्ड्याचा खालचा ३ फूट भाग आधीच पाण्यात. मे महिन्यात हाच खड्डा कितीही पाणी पितो, म्हणून गवंड्यानं बांधला तेव्हा कौतुक झालं होतं. तो बांधला होता एप्रिलमध्ये. कोकणात शोषखड्ड्याची जागा पावसाळ्यात विहिरीत डोकावून ठरवावी, असं माझं आता ठाम मत आहे.

तिसरं, टी. टाकीतून बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी, म्हणजे T आकाराचा पाईपचा जोड, जोडलेली असायला हवी, जिचं खालचं तोंड पाण्यात फूट-सव्वा फूट बुडलेलं असतं. त्यामुळे वरची साय तिथेच राहते आणि मधलं निवळ पाणी बाहेर जातं. आमच्याकडे नुसता सरळ पाईप होता. गवंड्याला विचारलं तर म्हणाला, "टी लावली की तुंबते, म्हणून आम्ही लावत नाही." टी तुंबते, कारण ती साय अडवते, आणि तेच तिचं काम आहे. ती नसली की साय शोषखड्ड्यात जाते आणि खड्ड्याच्या भिंतीवर काळा चिकट थर चढतो. मग पावसाळा नसला तरी माती पाणी घेत नाही. टाकीतली चूक दहा वर्षांनी जमिनीत दिसते ती अशी.

चौथं, न्हाणीचं पाणी. सहा वर्षांपूर्वी घराला जोडून नवं न्हाणीघर झालं, तेव्हा प्लंबरनं जवळ पडतं म्हणून अंघोळीचं आणि वॉशिंग मशिनचं पाणी टाकीला जोडून टाकलं. गणपतीत माणशी आणखी ६० लिटर धरा. एकूण दिवसाला २,५०० झाले, म्हणजे पाण्याचा टाकीतला मुक्काम एक दिवसही नाही. गाळ बसायच्या आधीच ढवळून बाहेर. साबणानं जिवाणू मरतात अशी भीती सगळे घालतात. घरगुती वापराच्या साबणानं फार बिघडत नाही, पाण्याच्या लोंढ्यानं बिघडतं.

यात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र तुंबणं ही नव्हती. शोषखड्डा विहिरीपासून टेपनं मोजला तर ४० फूट भरला. मानकात किमान १८ मीटर, म्हणजे ६० फूट सांगितलंय. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या इतक्या, की तिथे ६० फूटही मी कमीच समजेन. आणि भूजल खड्ड्याच्या बुडाशी भिडलं की मधली माती गाळणीचं काम करतच नाही. त्या दिवसापासून पिण्याचं पाणी उकळून, पंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणून विहिरीत, आणि नमुना तपासायला दिला. तुमचा खड्डा पावसाळ्यात तुंबत असेल आणि आवारात विहीर असेल, तर बाकी सगळं नंतर, आधी हे करा.

दुरुस्ती

पन्हळीचं पाणी दुसऱ्याच दिवशी पाईप लावून व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे वळवलं. खर्च नगण्य, आणि फरक त्याच आठवड्यात दिसला. टाकीच्या आणि खड्ड्याच्या झाकणाभोवती सिमेंटचा उंच काठ केला, म्हणजे अंगणातलं पाणी आत घुसत नाही.

न्हाणीचं पाणी टाकीपासून तोडून केळी, अळू आणि कर्दळीच्या वाफ्यात सोडलं. पूर्वी कोकणातल्या न्हाणीचं पाणी असंच माडाच्या आळ्यात जायचं. ती व्यवस्था मोडून आम्ही शहाणे झालो होतो.

टी बसवायचं काम पाऊस संपल्यावर, टाकी उपसल्यावर, वरूनच केलं. माणूस आत उतरवायचा नाही, म्हणून बाहेरचा पाईप मोकळा करून, टी जोडलेला तुकडा झाकणातून हात घालून सरकवला. टाकीचं झाकण नेमकं बाहेर जाणाऱ्या तोंडावर असावं ते यासाठीच. आत येणाऱ्या पाईपपेक्षा बाहेर जाणारा दोनेक इंच खाली आहे ना, तेही तेव्हाच पाहून घेतलं. काही ठिकाणी पातळी उलटी निघते.

मोठं काम शोषखड्ड्याचं. जुना खड्डा उपसून, धुऊन पुन्हा वापरा असं कुणी सांगेल. भिंतीवरचा थर मातीत आत गेलेला असतो, धुऊन जात नाही. खड्डा वर्ष-दीड वर्ष पूर्ण कोरडा ठेवला तर थर वाळून माती थोडीफार मोकळी होते, पण आमचा तर पाण्यात बुडणाराच होता. तो कायमचा बंद करून बुजवला. त्याऐवजी विहिरीच्या विरुद्ध बाजूला, माडांकडच्या उतारावर उथळ चर खणला: अडीच फूट खोल, २ फूट रुंद, ४० फूट लांब. खाली खडी, मध्ये भोकं पाडलेला पाईप, वर पुन्हा खडी, जाड कापड आणि माती. खोल जायचं नाही, पसरायचं. भूजल ५ फुटांवर आलं तरी चराखाली अडीच फूट कोरडी माती राहते. चराची जागा नक्की करण्याआधी हातभर खड्डा खणून, रात्रभर पाण्यानं भिजवून, सकाळी पुन्हा भरून पाणी किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून बघितलं, आणि तेही जुलैत. तुमच्याकडे कातळ लागत असेल तर हा उपाय चालणार नाही, मातीचा भराव घालून त्यात चर करावा लागतो.

काळ्या मातीच्या भागात दुखणं वेगळं पण लक्षण तेच. परभणीला मामाकडे भूजल खूप खाली, तरी पावसाळ्यात खड्डा भरतो. ती माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा वाटेल तेवढं पाणी पिते आणि ओली झाली की फुगून गच्च बसते. तिथे खड्ड्याभोवती हातभर जाडीचा वाळू-खडीचा थर आणि जास्त लांबीचा चर, एवढंच हाताशी असतं.

आणखी एक. बऱ्याच गावांत ज्याला सेप्टिक टँक म्हणतात तो तळ नसलेला एकच खड्डा असतो. त्याला वरचं बरंचसं लागू नाही. तसा असेल तर शेजारी दुसरा खड्डा घेऊन आलटून-पालटून वापरणं सर्वात स्वस्त पडतं. भरलेला खड्डा दोनेक वर्षं बंद राहिला की आतल्याचं सोनखत होतं. शास्त्र जुनंच आहे, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाचे प्रयोग केले तेही याच खटपटीतून.

पावडर, गूळ आणि बाकीचं

दुसऱ्या वर्षी आम्ही जिवाणूंची पावडर टाकली होती. ओळखीतल्या एकानं गूळ-ताक सांगितलं, एकानं मेलेला उंदीर. यातलं काहीही लागत नाही. आपल्या पोटातून रोज जेवढे जिवाणू टाकीत जातात तेवढे पुरतात. नवी टाकी चालू करताना ती आधी पाण्यानं भरून थोडं कुजलेलं शेण किंवा जुन्या टाकीतला थोडा गाळ घालतात, तो योग्य. चालू टाकीला नको.

न घालायच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, तरी आमच्या चेंबरमधून निघालेली यादी सांगतो: सॅनिटरी पॅड, बाळाचे ओले वाइप्स, केसांचा गुंता, आणि तळणीचं उरलेलं तेल. हे शेवटचं मीच ओतलं होतं. भांडं घासायचं ॲसिड बेतानं चालतं, तुंबलं म्हणून बाटल्याच्या बाटल्या ओतल्या तर आतले जिवाणू मरतात आणि तुंबलेलं तसंच राहतं.

गॅसच्या पाईपच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा. मलेरियाचे कर्मचारी घरोघरी सांगतात ते उगाच नाही, डासांना टाकीतलं पाणी फार मानवतं. जाळी दर वर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांत बदलायची, नाहीतर उन्हानं तिचा भुगा होतो.

उपसा कधी आणि कसा

गाळ अजिबात काढायचाच नाही असा अर्थ नाही. कुजूनही काही भाग उरतोच. दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो. वाई आणि सिन्नर नगरपालिकांनी तर तक्रारीची वाट न बघता दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसायचं वेळापत्रकच लावलं. गावात ते आपल्यालाच करावं लागतं. अंदाज घ्यायला लांब काठीच्या टोकाला जुना पांढरा पंचा गुंडाळून टाकीच्या तळाला टेकवायचा, मिनिटभर थांबून सावकाश वर काढायचा. काळा डाग जिथपर्यंत, तिथपर्यंत गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीचा एक तृतीयांश भाग व्यापू लागले की गाडी बोलवायची.

वेळ मात्र मार्च ते मे. भर पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करणं धोक्याचं आहे. बाहेर पाणी दाटलेलं असतं, आत पोकळी, आणि प्लास्टिकची तयार टाकी असेल तर ती अक्षरशः होडीसारखी वर उचलली जाते, पाईप मोडतात. सिमेंटच्या टाकीच्याही भिंतींवर ताण येतो. टाकीला दोन कप्पे असतील तर उपसताना होस दोन्हींत तळापर्यंत घालायला लावा, नुसतं वरचं पाणी ओढून नेलं तर गाळ तसाच राहतो. तळाशी थोडा गाळ मुद्दाम सोडा आणि टाकी लगेच पाण्यानं भरा. मैला कुठे नेऊन ओतणार, तेही विचारा. व्हाळात ओतला तर तो तुमच्याच खालच्या वाडीच्या विहिरीत जातो.

आणि "एक माणूस आत उतरवून खरवडून घेतो" असं कुणी म्हणालं तर त्याला परत पाठवा. २०१३ च्या कायद्यानं माणसाला संरक्षणाविना टाकीत उतरवायला बंदी आहे, आणि असा मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही परत येत नाही. बातम्यांत एकाच टाकीत दोन-तीन माणसं का सापडतात, त्याचं उत्तर हे आहे.

चर झाल्यानंतरच्या गणपतीत घरात सत्तावीस माणसं होती. मी रोज सकाळी टाकी उघडून बघत होतो, आणि वहिनी मला हसत होती. पाणी पाईपच्या खालच्या कडेला टेकलेलं, तिथेच. परवा मे महिन्यात पंचा गुंडाळून काठी घातली तेव्हा गाळ वीतभर भरला. टाकीच्या झाकणावर मात्र कुणीतरी पुन्हा शहाबादी फरशी टाकून वर जास्वंदीची कुंडी ठेवली होती. ती हलवली आणि शेवटच्या उपशाचा महिना झाकणावर ऑइल पेंटनं लिहून ठेवला.